गावातच राहायचं ठरवलंय

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले की बाबा ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे देतात, आई आज भाजी काय केलीस ते विचारते, आणि सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितेय. चष्मा लावून, दोघांनी एकत्र बसून वाचा. आई, तू मोठ्यानं वाच, बाबांच्या डाव्या डोळ्याला ताण नको.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. शिकागोची नोकरी मी घेतली नाही. इथल्याच, नॉर्थ डकोटातल्या खेड्यातल्या दवाखान्याबरोबर पुढचा करार केलाय, आणि आत्ता भाड्यानं राहतोय तेच घर विकत घेतोय. सह्या झाल्यात. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणाला असता आणि मग दोघंही रात्रभर जागे राहिला असता. हे मला ठाऊक आहे.

शिकागोला मराठी मंडळ आहे, गणपती बसतो, दादाचे मित्र आहेत, विमानतळ जवळ आहे. आई, ही सगळी यादी तू मला कितीदा म्हणून दाखवलीस! त्यातलं काहीच खोटं नाही. आणि मी इथं आले तेव्हा घरात काय बोलणं झालं होतं तेही मी विसरलेले नाही. रेसिडेन्सीनंतर, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या प्रशिक्षणानंतर, माझ्या व्हिसावर दोन वर्षं भारतात परत राहायची अट होती. डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम केलं तर ती अट माफ होते. दर राज्याला वर्षाला अशा ३० जागा मिळतात. ही सोय १९९४ साली ज्या सिनेटरनं मांडली, केंट कॉनरॅड, तो याच नॉर्थ डकोटाचा. मी तीन वर्षं म्हणून आले. बाबा ओसरीवर बसून म्हणाले होते, ‘जा, तीन वर्षं काय, बघता बघता जातील.’ ती गेली. आणि आता मीच जायला तयार नाही.

का, ते नीट सांगते.

बाबा, तुम्ही आयुष्यभर साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गावोगाव फिरलात आणि घरी येऊन एकच तक्रार करत होता, की डॉक्टर खेड्यात टिकत नाही. आला तरी बदलीच्या मागे. मी एमबीबीएसला लागले तेव्हा पेढे वाटताना तुम्ही काय म्हणाला होता ते मी लिहीत नाही, तुम्हाला आठवतंय. आता मी खेड्यात टिकलेय. फक्त ते खेडं आपलं नाही. या एका गोष्टीवर माझं मन अजून अडखळतं, आणि तुमचंही अडखळणार. पण आजी डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात होती ना, तो दवाखाना १८९४ चा. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेसांनी तो उभा केला. जन्म कॅनडाचा आणि जवळजवळ चाळीस वर्षं मिरजेला. त्यांच्याशी माझी बरोबरी नाही, तसं मला म्हणायचंही नाही. पण आजीला मात्र ते कधी परके वाटले नाहीत, एवढंच रात्री कधीतरी आठवतं आणि जरा बरं वाटतं. आज सांगली-मिरजेला तुम्हाला पायलीचे पन्नास डॉक्टर मिळतात. इथं मी आणि आणखी दोघं. मी गेले तर माझ्या जागी कोणी यायला वर्ष-दीड वर्ष लागेल, आणि तोवर माणसांना ग्रँड फोर्क्स शहरापर्यंत तासभर गाडी हाकावी लागेल. २०१० नंतर या देशातले शंभराहून जास्त ग्रामीण दवाखाने बंद पडलेत. आमचा चालू आहे. २५ खाटांचा, कायद्यानंच त्याहून जास्त ठेवता येत नाहीत असा. आई, तुला तो ‘एवढासाच?’ वाटला होता. एवढासाच आहे, पण चालू आहे.

मागच्या हिवाळ्यातली एक गोष्ट तेव्हा मुद्दाम सांगितली नव्हती. आता सांगते, कारण सगळं सुखरूप पार पडलंय. तुमचे जावई कामासाठी मिनियापोलिसला गेले होते आणि इकडे बर्फाचं वादळ आलं. इथलं वादळ म्हणजे बर्फ नुसतं वरून पडत नाही. पडलेलं बर्फ वारा पुन्हा उचलतो आणि आडवं फेकतो. दारातून गाडी दिसत नाही. रस्ते बंद केल्याचं जाहीर झालं होतं. संध्याकाळी एक बाई कळा सुरू झाल्या म्हणून शेतावरून निघाली. तिला आणायला गेलेली ॲम्ब्युलन्स चालवत होता साखरेच्या बीटचा एक शेतकरी आणि सोबत होती शाळेतली शिक्षिका. दोघंही स्वयंसेवक, शिकून घेतलेले. त्यांच्या पुढे काउंटीचा बर्फ सारणारा ट्रक रस्ता करत चालला होता. आमच्या दवाखान्यात बाळंतपणं आता करत नाहीत, ती सगळी ग्रँड फोर्क्सला. पण त्या रात्री ग्रँड फोर्क्स चंद्रावर असतं तरी तेवढंच लांब होतं. बाळंतपण मीच केलं. मुलगी झाली, दोघी ठणठणीत. शेजारच्या आजी स्वतःहून येऊन आमच्या चिऊला आपल्या घरी घेऊन गेल्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, तर चिऊ त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर बसून बटाटे कुस्करत होती. आई गं, त्या वेळी मला तुझी इतकी आठवण आली! आपल्याकडे पाऊस लागला की तू मला असंच ओट्यावर बसवायचीस आणि लसूण सोलायला द्यायचीस.

ते बटाटे लेफ्साचे होते. तुला आठवत असेल. इथं नॉर्वेहून आलेल्यांची वस्ती जास्त, आणि ही त्यांची बटाट्याची पातळ पोळी. रेघारेघांच्या लाटण्यानं लाटायची, लांब चपट्या काठीनं उचलून मोठ्या गोल तव्यावर टाकायची. ती खरी नाताळच्या सुमाराला करतात, पण तू आलीस म्हणून त्यांनी भर जुलैत केली. लोणी आणि साखर लावून गुंडाळी करून तुझ्या हातात दिली आणि तू म्हणालीस, ‘ही तर आपली तूप-साखर पोळी!’ तुम्हा दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि तरी दुपारभर स्वयंपाकघरात होतात. त्या अजून विचारतात, तुझी आई कधी येणार. काठी तुझ्या हातात कशी बसली होती त्याचंही त्यांना कौतुक आहे.

आता बाबांसाठी. तुम्ही सप्टेंबरात परत गेलात आणि बरोब्बर १ ऑक्टोबरला बीटची काढणी सुरू झाली, याची हळहळ मला अजून आहे. तुम्ही शेतात बीट उपटून, वास घेऊन, पाण्यानं धुऊन चाखून पाहिलं, पण हंगाम राहिला. तो पाहायलाच हवा तुम्ही. रात्रंदिवस चालतो. आधी एक यंत्र वरचा पाला काढून टाकतं, मागून दुसरं यंत्र कंद उचलतं, ट्रक शेजारून चालता चालता भरतो आणि थेट वजनकाट्यावर. बारा-बारा तासांच्या पाळ्या. गावातले रिटायर माणसं, नोकरीतून रजा काढलेले, सगळे ट्रक चालवतात. दवाखान्यातली आमची एक नर्स दर ऑक्टोबरात रात्रीचा ट्रक चालवते. बाहेरून कामाला येणारी म्हातारी जोडपी आपल्या घरगाड्या घेऊन येतात, काटा-ढिगाऱ्यावर काम करतात आणि हंगाम संपला की दक्षिणेला उबेला निघून जातात. पूर्वी खुरपणीला टेक्सासहून मेक्सिकन कुटुंबं लेकराबाळांसकट यायची. आपल्या बीडच्या ऊसतोड टोळ्यांची तुम्ही जी काळजी करायचा, तेच प्रश्न इथंही होते: शाळा बुडणारी पोरं, राहायच्या झोपड्या. २००८ नंतर तणनाशक सोसणारं बियाणं आलं आणि खुरपणीच संपली. त्यातली काही कुटुंबं इथंच स्थायिक झाली. माझे पेशंट आहेत.

तुम्हाला नवल वाटेल ते पुढं आहे. ऊस तोडला की तुम्हाला घाई, वाळला की रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, पडली. इथं उलट. काढलेलं बीट उघड्यावर वीस-पंचवीस फूट उंचीच्या लांबलचक ढिगांत रचून ठेवतात, थंडीनं ते गोठतं, आणि कारखाना त्यातूनच वसंतापर्यंत गाळत राहतो. म्हणून ऑक्टोबरात ऊन जास्त पडलं तर काढणी थांबवतात. उबदार बीट ढिगात सडतं. जमिनीतच गोठलं तरी थांबवतात. शेतकरी दिवसभर आकाशाकडे आणि मोबाईलकडे बघत असतो. तो चेहरा मला नवा नाही, बाबा. गाळप हंगामात आपल्या दारात येऊन बसणाऱ्यांचा तोच चेहरा होता.

आणि कारखाना सहकारी आहे, हे तुम्ही गावभर सांगितलंत ना? आणखी सांगा. १९७३ साली इथल्या शेतकऱ्यांनी मिळून अख्खी अमेरिकन क्रिस्टल शुगर कंपनी विकत घेतली. नदीच्या दोन्ही तीरांवर पाच कारखाने, अडीच-तीन हजार शेतकरी सभासद. तुम्ही शेजारच्या काकांना ‘पहिली उचल किती देता’ असं विचारलं होतं आणि मी भाषांतर करता करता थकले होते. ते अजून तुमची आठवण काढतात. धान्याच्या कोठारापाशी सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींना ते सांगतात, की भारतातल्या त्या गृहस्थांना आपल्या पोरांपेक्षा साखरेचं जास्त कळतं. या राज्याची स्वतःची बँक १९१९ पासून आहे आणि ग्रँड फोर्क्सला राज्याच्याच मालकीची पिठाची गिरणी १९२२ पासून, हेही त्यांनीच मला सांगितलं. दलाल आणि रेल्वे कंपन्यांना कंटाळून शेतकऱ्यांनी चळवळ केली, सत्ता घेतली आणि हे उभं केलं. तुम्ही असता तर रात्री बारापर्यंत उठला नसता.

त्या काकांची निम्मी जमीन ऐंशीच्या दशकात लिलावात गेली. व्याजदर चढले होते, जमिनीचे भाव कोसळले होते. त्याबद्दल ते बोलत नाहीत, काकू बोलतात. मला फक्त बीपी तपासायला गेलं की कळतं, लिलावाच्या जाहिरातीचे दिवस आले की त्यांचं बीपी वाढतं.

आई, तू विचारायचीस ना की इथं झाडं सरळ रांगेतच का. ती वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली आहेत. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात माती उडून गेली, तेव्हा रूझवेल्टच्या सरकारनं अशा रांगा लावायला घेतल्या. आणि बाबा विचारायचे ना, बांध इतके सरळ कसे: १७८५ च्या कायद्यानं अख्खी जमीन मैल-मैलाच्या चौकटीत मोजली. एक चौकट ६४० एकरांची, अशा ३६ मिळून एक टाउनशिप. म्हणून दर मैलाला तो मातीचा सरळ रस्ता लागतो, वळणच नाही. समोरून येणारा प्रत्येक माणूस स्टिअरिंगवरून बोट उचलून नमस्कार करतो, ओळख असो नसो. बाबा चार दिवसांत शिकले होते. चिऊ मागच्या सीटवरून दोन्ही हात हलवते.

मला माहीत आहे, तुम्हाला नदीची भीती वाटते. तुम्ही २०१९ चा पूर पाहिलाय. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. मी तेव्हा रेसिडेन्सीत. तुमचा फोन लागत नव्हता, आणि मी ड्युटीवर औषधं लिहीत होते. ते दिवस माझ्या अंगावर अजून येतात. या नदीचीही गोष्ट ऐकून घ्या, कारण कोणाकडून तरी ऐकाल आणि घाबराल. रेड रिव्हर उत्तरेकडे वाहते. वसंतात दक्षिणेचं बर्फ आधी वितळतं आणि उत्तरेला नदी अजून गोठलेली असते. पाण्याला पुढं वाटच नाही. १९९७ च्या एप्रिलमध्ये ग्रँड फोर्क्सला पाणी ५४ फुटांवर गेलं, अख्खं शहर रिकामं करावं लागलं, आणि भर पुरात मध्यवस्तीतल्या इमारतींना आग लागली. त्यानंतर तिथं मोठे बांध झालेत. आमचं घर उंचावर आहे, मी घर घेताना सगळ्यात आधी पुराचा नकाशा पाहिला. बाबांची मुलगी आहे मी. काका-काकूंना मी सांगलीचे फोटो दाखवले होते. काकू काही बोलल्या नाहीत, आत जाऊन माझ्यासाठी जेवण डब्यात भरून घेऊन आल्या.

एकटं वाटत नाही असं मी म्हणणार नाही. दिवाळीला वाटतं. पहाटे उटणं लावायचं आणि बाहेर उणे दहा. मराठी फक्त आम्ही तिघं बोलतो, आणि चिऊ आता ‘आजीला सांग’ हे सोडून बाकी इंग्रजीतच बोलायला लागलीय, याचा मला त्रास होतो. म्हणून रोज तिच्याशी पंधरा मिनिटं तरी बोलायचं. हे तुमचं काम. गोष्ट सांगायची. बाबांनी गाढवाची आणि आईनं चिमणी-कावळ्याची. आणि तिनं इंग्रजीत उत्तर दिलं तर हसायचं नाही, परत मराठीत विचारायचं.

बाकी आमचं सगळं व्यवस्थित आहे. घर तुम्ही पाहिलेलंच आहे, त्यात घर तापवायची भट्टी नवी बसवतोय, खाली तळघर आहे, दोन्ही दारांना दुहेरी काचा. गाडीला रात्री विजेची वायर लावून ठेवायची, म्हणजे उणे तीसलाही सकाळी चालू होते. गाडीत कायम दोन घोंगड्या, फावडं, मेणबत्त्या आणि खाऊ असतो. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, गोडा मसाला फार्गोला मिळतो, नाही मिळालं तर सीमेपलीकडे कॅनडात विनिपेगला जाऊन महिन्याचं भरून आणतो. कढीपत्ता खिडकीत जगलाय. आणि तळमजल्यावरची बागेकडची खोली तुमची आहे. तिथं एकही पायरी नाही, बाथरूमला दांड्या बसवून घेतल्यात. बाबांचे गुडघे डोळ्यांसमोर ठेवूनच घर पसंत केलं, हे मला सांगायलाच हवं.

आता माझं ऐका. यात वाद नको.

बाबा, तीन महिन्यांची शुगर फेब्रुवारीत झाली, त्यानंतर नाही. या आठवड्यात उपाशीपोटी जाऊन या आणि कागदाचा फोटो मला पाठवा, दादाला नुसतं ‘नॉर्मल आहे’ सांगू नका. चहात ‘अर्धा चमचाच’ चालत नाही. मळ्यात अनवाणी जायचं नाही, आणि रात्री पाय बघायचे, टाचेखालीसुद्धा. दिसत नसेल तर आईनं बघायचे. आई, तुझी बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नसते, बरं वाटतं ते गोळीमुळेच. दिवाळीची भांडी काढायला माळ्यावर तू चढायचं नाहीस. दोघांनी न्यूमोनियाची लस घ्यायची आहे, मी आपल्या डॉक्टरांशी बोललेय, ते वाट पाहताहेत. आणि स्वयंपाकाला बाई ठेवायला वहिनीनं सांगितलं तेव्हा तू रुसलीस, ते मला कळलं. आई, तुझ्या हातची चव कोणी तुझ्याकडून काढून घेत नाहीये. भाकऱ्या तेवढ्या तिला थापू दे, कालवण तू कर. पगार मी पाठवतेय, त्यावर बोलणं नको. दादा शेजारी आहे म्हणून मी इथं राहू शकते, हे मला पुरतं कळतं. त्याला मी वेगळं लिहिलंय.

दर वर्षी डिसेंबरात येणं जमेलच असा शब्द मी देत नाही, व्हिसाच्या शिक्क्याचं काय होईल ते दर वेळी बघावं लागतं. म्हणून या खेपेला तुम्हीच या. सप्टेंबरच्या मध्याला या आणि ऑक्टोबर संपेपर्यंत राहा, थंडी लागायच्या आत मी तुम्हाला परत पाठवते. काकांनी सांगितलंय की बाबांना रात्रपाळीला ट्रकमध्ये शेजारी बसवून नेणार. बाबा, एकच रात्र, आणि कानटोपी घालून. तुमचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय, तो लगेच नूतनीकरणाला टाका. दादाकडून ऑनलाइन अर्ज भरून घ्या आणि सांगलीला तारीख मिळते का बघा, नाहीतर कोल्हापूरला जा. जुना पासपोर्ट फेकू नका, व्हिसा त्यातच आहे.

पत्र वाचून झालं की लगेच फोन करू नका. दोन दिवस जाऊ द्या. मग रविवारी तुमच्या सकाळी मी करते, आणि तेव्हा बाबांनी फोन आईकडे द्यायचा नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, येताना लोणच्याची बरणी आणू नकोस, मागच्या वेळी बॅगेत सांडली होती. चटणी मात्र दोन किलो आण, काकूंनाही लागते. आणि एक साधं गुळगुळीत लाटणं आण, आजींना बघायचंय.